संदेश ठेवला, पण ऐकला कोणी?



गेले काही दिवस जेटीवर एकच बोलणं चाललंय, की सोसायटी फोन उचलत नाही. कोण म्हणतो ऑफिसात माणसं नसतात, कोण म्हणतो मुद्दाम उचलत नाहीत. त्याचं उत्तर देणं आमचं काम होतं, ते राहून गेलं. आज देतो. पोस्ट थोडी लांब आहे, पण शेवटपर्यंत वाचा. चूक कुणाची, ते आम्ही लपवणार नाही.

आधी झालं काय ते सांगतो. ऑक्टोबरात, परतीच्या पावसाच्या दिवसांत, आपलीच एक ट्रॉलर पहाटे तीनच्या सुमारास परत येत होती. पंख्यात जाळं गुंडाळलं आणि बोट थांबली. किनाऱ्याचे दिवे दिसत होते, मोबाईलला रेंज होती. तांडेलानं ऑफिसचा नंबर लावला. पासबुकावर, डिझेलच्या पावतीवर, बर्फाच्या चलनावर तोच नंबर छापलेला आहे, दुसरा कुठला लावणार? पलीकडून आमच्या क्लार्कबाईंच्या आवाजात मराठीतून ऐकू आलं, ऑफिस बंद आहे, कृपया आपला संदेश ठेवा. मग इंग्रजीत काहीतरी. मग एक टूं. त्यानं आपला निरोप सांगितला. कुठे आहोत, काय झालंय, ओढून न्यायला कुणाला तरी पाठवा. आणि नांगर टाकून वाट बघत बसला.

आलं कुणीच नाही. उजाडता उजाडता दुसरी बोट परतत होती, तिनं बघितलं आणि दोर टाकून ओढत आणलं. माणसं सुखरूप आहेत. पण ती वारा पडलेला होता म्हणून, आमच्यामुळे नव्हे.

दुसऱ्या दिवशी तांडेलाची बायको ऑफिसात आली. आरडाओरडा काही केला नाही. एवढंच म्हणाली, "फोन लागला नसता तर यांनी दुसऱ्या कुणाला लावला असता. तुमच्या फोनानं संदेश ठेवा म्हणून सांगितलं, म्हणून हे थांबले."

या वाक्यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. फोन वाजून वाजून बंद झाला तर माणूस दुसरा रस्ता शोधतो. पण फोननं "ठेवा" म्हटलं की माणूस विश्वास ठेवतो. म्हणून आमचं मत असं झालंय की न ऐकला जाणारा संदेशाचा डबा हा बंद फोनापेक्षा वाईट.

आता डब्याबद्दल. ऑफिसात भिंतीवर जी पेटी आहे, तिला आपण इंटरकॉम म्हणतो, कागदोपत्री ती ईपीएबीएक्स. बाहेरून तीन लाईनी येतात, आत आठ फोन आहेत. त्या पेटीत एक वेगळं कार्ड बसवलेलं आहे, व्हॉइसमेलचं. फोन कुणी उचलला नाही, किंवा रात्र झाली, की पेटी तो कॉल या कार्डाकडे ढकलते. कार्ड आपलं बोलणं वाजवतं, समोरच्याचं बोलणं आपल्या मेमरीत साठवतं, आणि ऑफिसातल्या फोनवरचा दिवा पेटवून सांगतं की निरोप आलाय.

आमच्या फोनवर दिवा कधीच पेटला नव्हता. म्हणून आम्ही समजत होतो की निरोपच येत नाहीत.

बोलावलेला मेकॅनिक आला, पेटी उघडून पाच मिनिटं बघितली आणि म्हणाला, कार्ड गेलं. पेटी जुनी, कार्ड आता मिळत नाही, सगळा सेट नवा घ्या. तोवर सगळं इनिशियलाइज करून बघतो, म्हणजे पुसून कोऱ्यासारखं करून बघतो. नव्या सेटचा आकडा ऐकून खजिनदार खुर्चीत सरळ बसले. तरी आम्ही जवळजवळ हो म्हटलं होतं. बदनामी झाली होती, काहीतरी केलं असं दाखवायचं होतं.

थांबवलं ते आपल्याच एका बोटमालकाच्या लेकीनं. पॉलिटेक्निकला शिकते. वडिलांबरोबर डिझेलचे कागद द्यायला आली होती. तिनं विचारलं, "काका, नेमकं काय होत नाही? कॉल कार्डापर्यंत जात नाही, का कार्ड उचलत नाही, का साठवत नाही, का साठवून तुम्हाला सांगत नाही?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. यातलं काहीच आम्ही तपासलं नव्हतं. मेकॅनिकनंही नाही.

बोटीचं इंजिन सुरू झालं नाही तर आपण आधी हेड उघडतो का? आधी डिझेलचा कॉक बघतो, लाईनीत हवा शिरली का बघतो, फिल्टर बघतो. नवं इंजिन घ्या म्हणणारा मेस्त्री आपण जेटीवरून हाकलून देऊ. पण फोनच्या पेटीसमोर आपण सगळे गप्प. कारण ते आपलं काम नाही असं आपण धरून चालतो.

मग तिनं सांगितलं तसं एक एक करत गेलो. तुमच्या ऑफिसात, बर्फाच्या कारखान्यात, दुकानात अशी पेटी असेल तर तुमच्याही उपयोगाचं आहे, म्हणून क्रमानं लिहितो.

१. पुसायच्या आधी ऐका. इनिशियलाइज केलं की पेटीची सेटिंगं जातात आणि कार्डातले निरोपही जाऊ शकतात. म्हणून आधी मेलबॉक्समध्ये शिरून जे आहे ते सगळं ऐकायचं आणि वहीत उतरवायचं. आम्ही आतल्या फोनवरून कार्डाचा नंबर फिरवला. कार्डानं उचललं! म्हणजे मेलेलं कार्ड नव्हतंच. आणि पहिलंच काय ऐकू आलं, तर मेलबॉक्स फुल. इंग्रजीत.

तांडेलानं जे इंग्रजी ऐकलं ते हेच. डबा भरलाय, संदेश घेता येत नाही. त्यानंतरची टूं ही बोला म्हणून नव्हती. दुसरा कुठला नंबर दाबायचा असेल तर दाबा म्हणून पेटी काही सेकंद थांबते, आणि मग फोन कापते. त्या काही सेकंदांत आपल्या माणसानं आपली सगळी अडचण सांगितली, ती हवेत गेली. आपण या म्हटलं ते मराठीत, आणि नाही म्हटलं ते त्याला न कळणाऱ्या भाषेत. हे कार्डाचं पाप नाही. स्वागताचा आवाज आपण मराठीत भरला, बाकीची वाक्यं कंपनीनं भरलेली तशीच ठेवली. त्याच कार्डात ती बदलायची सोय होती, आम्ही कधी बघितलीच नाही.

२. डबा भरला कशानं ते शोधा. ऐकायला बसलो तर एकामागून एक नुसतं टूं... टूं... टूं. सहा सहा मिनिटं. आमच्या कार्डात सगळी मिळून एक तासाची जागा, आणि एका निरोपाची मर्यादा सहा मिनिटं. म्हणजे न बोलता फोन ठेवणारी दहा माणसं आली की डबा भरला.

असं का झालं? समोरच्यानं फोन ठेवला हे पेटीला आपोआप कळत नाही. त्यानं ठेवल्यावर लाईनीवर एंगेज टोन येतो, तो ओळखून पेटी कॉल तोडते. आपल्या देशातला नेहमीचा एंगेज टोन ४०० हर्ट्झचा, पाऊण सेकंद आवाज आणि पाऊण सेकंद शांतता. पेटी त्याच तालावर लावलेली होती. पण बंदीच्या दिवसांत आपली तांब्याची लाईन जाऊन फायबर आलं. आता टोन एक्स्चेंजातून येत नाही, भिंतीवरची फायबरची छोटी डबी तो तयार करते, आणि तिचा ताल वेगळा. पेटीला तो ओळखता आला नाही, म्हणून माणूस गेला तरी ती सहा मिनिटं टेप करत बसली. तेवढा वेळ कार्डाची एक वाट अडकलेली. आमच्या कार्डाला अशा दोनच वाटा आहेत. दोन्ही अडकल्या की तिसऱ्याला नुसती रिंग.

उपाय असा केला. पेटीच्या सेटिंगमध्ये नव्या टोनचा ताल भरला, निरोपाची मर्यादा सहावरून दोन मिनिटांवर आणली, आणि फायबरवाल्यांकडे लेखी मागणी केली की फोन ठेवल्यावर लाईनीची पोलॅरिटी उलटी होईल अशी सोय चालू करा. ती सोय असली की पेटीला टोन ओळखायची गरजच उरत नाही.

३. पेटीचं घड्याळ बघा. हे कुणाच्या डोक्यात आलं नसतं. पेटी घड्याळ बघून ठरवते की आता दिवस आहे का रात्र. संध्याकाळी सहा ते सकाळी नऊ रात्र, तेव्हा सगळे कॉल कार्डाकडे. लेकीनं पेटीची तारीख काढली तर जानेवारी २०००! आतला बटणासारखा सेल, सीआर २०३२, संपलेला होता. यूपीएसची बॅटरीही गेलेली. त्या आठवड्यात गडगडाटात वीज गेली ती सकाळी आठला आली. तेव्हा पेटीनं समजून घेतलं की आत्ता मध्यरात्रीचे बारा वाजलेत. म्हणजे पेटी आठ तास मागे.

आता तुम्हीच हिशोब करा. पेटीची रात्र सुरू व्हायची आपल्या पहाटे दोनला आणि संपायची आपल्या संध्याकाळी पाचला. दिवसभर तुम्ही केलेले फोन सरळ डब्यात. आणि संध्याकाळी पाचनंतर रिकाम्या ऑफिसात घंटी वाजत राहायची. तुम्ही म्हणत होता सोसायटी फोन उचलत नाही, ते खरं होतं. आणि ऑफिसातली माणसं म्हणत होती आज फोन आलाच नाही, तेही खरं होतं. कुणी खोटं बोलत नव्हतं, तरी आठवडाभर आपण एकमेकांना खोटं ठरवत होतो.

४. निरोप आला हे कळतं कसं ते बघा. पावसात एक फोन बिघडला म्हणून बाजारातून साधा फोन आणून लावला. स्वस्तात मिळाला म्हणून खूश होतो. त्याला निरोपाचा दिवाच नव्हता. कार्ड बिचारं दिवा पेटव म्हणून सांगत होतं, पेटवायला दिवा कुठाय?

५. शेवटी पेटीच्या आत. वीज बंद, बॅटरीची वायर काढलेली, तरच कार्डाला हात लावायचा. चालू पेटीतून कार्ड ओढलं तर चांगलं कार्ड खरंच जातं. आमच्या कार्डाच्या दातांवर हिरवट थर होता, जेटीजवळच्या खाऱ्या हवेनं दुसरं काय होणार? आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसलं, सुकवलं, परत नीट दाबून बसवलं. हे मूळ कारण नव्हतं, पण उद्या झालं असतं. मोबाईलवर आधी फोटो काढून ठेवला, कुठलं कार्ड कुठे आणि कुठली वायर कुठे.

नवा सेल, यूपीएसची नवी बॅटरी, दिव्याचा एक फोन आणि अल्कोहोलची बाटली, एवढाच खर्च. नव्या सेटच्या आकड्यापुढे तो काहीच नाही. पैसे तुमचे, म्हणून हे सांगणं भाग आहे. त्या दिवशी घाईत सही झाली असती तर नवा सेट आला असता, त्यालाही तीच फायबरची लाईन, तोच बिनदिव्याचा फोन आणि तेच आम्ही. वर्षभरात पुन्हा हीच गत.

आता त्या डब्यातल्या खऱ्या निरोपांबद्दल. टूं-टूंच्या मध्ये मध्ये माणसांचे आवाज होते. बर्फ कधी मिळेल विचारणारे, सबसिडीच्या कागदांचं विचारणारे. आणि एका खलाशाची आई, लांबच्या राज्यातली. तीन वेळा तिचा फोन. मोडक्या हिंदीत मुलाचं नाव, बोटीचं नाव, आणि "उसको बोलो माँ को फोन करे." तिसऱ्या वेळी नाव सांगून नुसती गप्प होती, आणि मग टोन. मुलगा ठणठणीत होता, त्याचा मोबाईल पाण्यात पडला होता. आम्ही त्याला ऑफिसातून फोन लावून दिला. पण मधले दिवस त्या बाईनं कसे काढले असतील, ते समुद्रावर माणूस पाठवणाऱ्या घराला सांगायला नको. आणि कोरं करा म्हणून आम्ही मान डोलावली असती तर हा आवाजही पुसला गेला असता.

काही सभासद म्हणतात, व्हॉट्सअ‍ॅप आहे, आता ऑफिसचा फोन आणि डबा हवाय कशाला? काढून टाका. त्यांचं म्हणणं आम्ही उडवून लावत नाही. ग्रुपवर फोटो जातो, लोकेशन जातं, ते फोनच्या डब्यात जात नाही. पण त्या आईकडे साधा फोन आहे. आपल्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांना टाईप करता येत नाही, बोलता येतं. आणि ग्रुपवर रात्री टाकलेला निरोप सकाळच्या गुड मॉर्निंगांखाली दबतो, तोही आपण बघितलाय. ज्याला लिहिता येत नाही त्याचाही निरोप सोसायटीनं घेतला पाहिजे, म्हणून डबा राहावा असं आमचं मत आहे. पण राहायचा तर जिवंत राहावा. नाहीतर खरंच काढून टाकावा, आणि नंबरावर नुसती रिंग वाजू द्यावी. ते जास्त प्रामाणिक.

त्यासाठी येत्या सभेत आम्ही हे मांडणार आहोत.

एक, रोज सकाळी ऑफिस उघडलं की पहिलं काम बाहेरच्या मोबाईलवरून ऑफिसला फोन करायचा, तो दिवसाच्या फोनवर येतो का बघायचं. मग डबा ऐकायचा, निरोप वहीत लिहायचे, कुणी कधी उत्तर दिलं तेही लिहायचं. संध्याकाळी निघताना परत एक फोन, तो डब्यात जातो का बघायचं, आणि आपलाच एक निरोप ठेवून दिवा पेटतो का तेही. वीज जाऊन आली की पेटीचं घड्याळ बघायचं. या कामाला दोन माणसं नेमलेली असतील, आणि वही कुठल्याही सभासदाला बघता येईल.

दोन, पेटीचा पासवर्ड आणि सगळी सेटिंगं कागदावर, कपाटात. आजवर ती फक्त मेकॅनिकच्या डोक्यात होती. आणि कंपनीनं दिलेला मूळ पासवर्ड बदलायचा. तो तसाच ठेवला तर बाहेरचा कोणी आपल्या पेटीतून आपल्या खर्चानं फोन करू शकतो.

तीन, कार्डातली सगळी वाक्यं मराठीत आणि कोंकणीत. खलाशांसाठी हिंदीत. "डबा भरला आहे, आपला निरोप नोंदलेला नाही" हे वाक्य सगळ्यात आधी.

चार, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. स्वागताच्या पहिल्याच वाक्यात सांगायचं की समुद्रात अडचण असेल तर इथे थांबू नका, १५५४ लावा. तो तटरक्षक दलाचा नंबर आहे. सागरी पोलिसांचा १०९३, आणि कुठल्याही संकटाला ११२. रेंज नसेल तर व्हीएचएफ चॅनेल १६, आणि बोटीवर डॅट असेल तर त्याचं बटण. ऑफिसचा फोन हा बर्फाचा, डिझेलचा, कागदांचा आणि घरच्या निरोपांचा फोन आहे. जीव वाचवायचा फोन तो नाही, आणि तसा भास होऊ देणं ही आमची चूक होती. हे नंबर आता केबिनमध्ये चिकटवायला स्टिकर करून देणार आहोत, पासबुकावरही छापणार आहोत.

त्या तांडेलाला आणि त्याच्या बायकोला आम्ही घरी जाऊन भेटलो. माफी मागितली. तांडेल हसून म्हणाला, "होतं असं कधीकधी, यंत्रच ते." पण आम्हाला ते पटत नाही. यंत्र आपलं काम करत होतं. भरलाय म्हणून सांगत होतं, दिवा पेटवा म्हणून सांगत होतं, माझं घड्याळ चुकलंय म्हणून दाखवत होतं. आम्ही बघायला गेलो नाही.

त्या लेकीला सोसायटीनं काय द्यावं ते सभेत ठरवू. तिला विचारलं तर ती म्हणाली, "काका, वही रोज लिहा म्हणजे झालं."

सभेला या. वही टेबलावर असेल, उघडून बघा. आणि आजपासून फोन करून बघा. उचलला नाही, किंवा ठेवलेल्या निरोपाला दुसऱ्या दिवसापर्यंत उत्तर आलं नाही, तर जेटीवर बोलण्याआधी ऑफिसात येऊन सांगा. जेटीवर बोललात तरी राग नाही, पण आम्हाला कळवा.